शरीराची नालेसफाई करायची का?

पत्र

सिस्टर, नमस्कार.

मी कळव्याला राहते. वय ४२. मिस्टर ४७ वर्षांचे, ठाण्यात एका ऑफिसात अकाउंट्सला आहेत. त्यांना आठ वर्षं बीपी आणि पाच वर्षं शुगर आहे. रोज बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतात. माझ्या मोठ्या नणंदबाई ऐरोलीला असतात. गेल्या वर्षी त्यांच्या मिस्टरांची रबाळे एमआयडीसीतली नोकरी गेली, तेव्हापासून ताई 'शुद्धीकरण किट' विकतात. यंदा गटारीला यांनी मित्रांबरोबर जरा जास्तच साजरं केलं. दुसऱ्या दिवशी ताई खोका घेऊन हजर. म्हणाल्या, "गटारी केलीस ना, मग आता गटारही साफ कर. महापालिकासुद्धा वर्षातून एकदा नालेसफाई करते!"

६,८०० रुपयांचा २१ दिवसांचा कोर्स आहे. सकाळी गरम पाण्यातून चूर्ण, दुपारी ग्लासभर दुधीचा रस, दिवसाला तीन शहाळी, संध्याकाळी काढा, रात्री तळपायांना पट्ट्या. लिव्हरला विश्रांती मिळावी म्हणून इंग्रजी गोळ्या २१ दिवस बंद. आज सहावा दिवस. रोज चार-पाच वेळा संडासला जावं लागतं, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. ताई म्हणतात, घाण बाहेर पडतेय, घाबरू नका. सकाळी पट्ट्या काळ्याकुट्ट निघतात. ते बघून मलाही वाटायला लागलंय, खरंच एवढी घाण होती की काय? हे म्हणतात हलकं वाटतंय, वजनही दोन किलो उतरलंय. मी काही बोलले की "माझ्या बहिणीचं तुला कधी पटलंय?" पुढच्या आठवड्यात राखीला ताई येणार आहेत. काय करू?

— एक वाचक, कळवा

उत्तर

पत्राखाली फोन नंबर लिहिलात ते फार बरं केलंत. असल्या पत्राला सदराची वेळ येईपर्यंत थांबवून ठेवता येत नाही. त्याच संध्याकाळी मी फोन केला तेव्हा दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. किट आत्ता, या क्षणी बंद. आणि खोक्यासकट आजच तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. गोळ्या लगेच सुरू करा, असं मी म्हटलं नव्हतं. त्याचं तुम्हाला नवल वाटलेलं आवाजात कळत होतं. कारण सांगते. जुलाब होत असताना, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या दोन गोळ्या घ्यायच्या की दोन दिवस थांबायचं, हे तपासूनच ठरवावं लागतं. पण ते ठरवणार डॉक्टर, खोक्यातलं पत्रक नव्हे. तुम्ही गेलात, तपासण्या केल्यात आणि मला आकडे कळवलेत : बीपी १५८/१००, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा, रक्तात वाढला की किडनी मंदावल्याची खूण) १.४, पोटॅशियम (रक्तातला एक क्षार) ५.४. जानेवारीत क्रिएटिनिन १.० होतं. डॉक्टरांनी किट बंद केलं, दोन दिवसांनी गोळ्या सुरू करून दिल्या आणि आठवड्याने पुन्हा तपासायला बोलावलंय. म्हणजे वेळेत सावरलं. आता बाकीचं निवांतपणे बोलू, कारण तुमचा खरा प्रश्न त्या काळ्या पट्ट्यांपाशी अडकलाय आणि त्याहून जास्त राखीच्या दिवसापाशी.

ताईंची नालेसफाईची उपमा मला मनापासून आवडली. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला ती पटकन पटतेच. पण जरा पुढे नेऊन बघा. नाला वर्षातून एकदा साफ करावा लागतो, कारण उरलेले अकरा महिने त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पिशव्या, थर्माकोल, मोडकी खुर्ची, सगळं तिथे साचतं. (मे महिन्यात काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवतात आणि पहिल्या पावसात तो पुन्हा आत जातो, ते वेगळं.) शरीरात असा साचायचा धंदाच नाही. तिथला कचरा दर मिनिटाला उचलला जातो. एखाद्याच्या अंगात तो खरोखरच साचायला लागला, तर तो माणूस चूर्ण घेत घरी बसत नाही, स्ट्रेचरवरून येतो. मी अशी माणसं सव्वीस वर्षं पाहिली आहेत. माझी सगळी नोकरी डायलिसिसच्या खोलीत गेली.

तर आधी किडन्या. आपल्या मुठीएवढ्या दोन, प्रत्येकी साधारण दीडशे ग्रॅमच्या. हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं, त्यातलं लिटर-सव्वा लिटर या दोघींच्या वाट्याला जातं. एवढ्याशा अवयवांना एवढा मोठा वाटा का, तर त्या रक्त पोसून घ्यायला घेत नाहीत, धुवायला घेतात. एकेका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. चोवीस तासांत त्यातून १८० लिटर पाणी गाळलं जातं. ऑफिसात वीस लिटरचे बाटले येतात ना, तसे नऊ. आणि दिवसाची लघवी किती? दीड-दोन लिटर. मग बाकीचं पाणी जातं कुठे?

परत रक्तात. इथेच किडनीची खरी हुशारी आहे. दिवाळीच्या आधी आपण माळा कसा साफ करतो? एकेक वस्तू हातात घेऊन "ही ठेवू की टाकू" करत बसलं तर आठवडा जातो. म्हणून सगळा माळा आधी हॉलमध्ये उतरवतात आणि मग हवं तेवढंच परत वर ठेवतात. किडनी नेमकी तीच पद्धत वापरते. रक्तपेशी आणि प्रथिनं गाळणीच्या अलीकडे ठेवते, बाकी पाणी, साखर, मीठ, पोटॅशियम, युरिया सगळं एकदम खाली उतरवते. मग लांबलचक नळीतून ते पुढे जाताना हवं ते उचलून परत घेते. साखर जवळजवळ सगळी, पाणी शंभरातलं नव्याण्णव हिश्श्यांनी, मीठ गरजेपुरतं. जे कोणी उचललं नाही, ते लघवी. माळ्यावर नवीनच काही अनोळखी वस्तू आलेली असली, तरी ती ओळखायची गरज पडत नाही. परत उचलायच्या यादीत ती नाही एवढं पुरतं. मला तर नोकरीतल्या इतक्या वर्षांनंतरही या युक्तीचं कौतुक वाटतं.

शुगरवाल्यांचं काय होतं, तेही यातच आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की परत उचलणारे हात अपुरे पडतात आणि उरलेली साखर लघवीतून जाते. मधुमेह हे नावच त्यावरून पडलं. पूर्वी बायका मोरीत मुंग्या लागल्या की ओळखायच्या.

आता याच कामासाठी माणसाने बनवलेलं यंत्र कसं असतं ते ऐका. डायलिसिसला एका वेळी चार तास लागतात, आठवड्यातून तीनदा. मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने औषधी पाणी वाहतं, म्हणजे एका रुग्णाला एका दिवशी १२० लिटर. त्यासाठी मागे वेगळा आरओ प्लांट, वेगळा टेक्निशियन. एवढं करून दोन किडन्यांच्या कामाचा एक लहानसा हिस्साच पार पडतो. कारण आठवड्याचे तास १६८ आणि यंत्राचे १२. शिवाय रक्त वाढवणारा संदेश पाठवणं, हाडांसाठी ड जीवनसत्त्व कामाचं करणं, बीपी सांभाळणं ही किडनीची जोडकामं यंत्राला येतच नाहीत, त्याला इंजेक्शनं आणि गोळ्या लागतात. सोमवारी येणाऱ्या पेशंटांचं वजन आम्ही आधी बघायचो. रविवारची सुट्टी मध्ये पडलेली, अडीच-तीन किलो सहज चढलेलं असायचं. चरबीचं नव्हे, पाण्याचं. घोटे दाबले की खड्डा पडायचा. तहान लागली तर बर्फाचा एक खडा तोंडात धरायचा, असे हिशेब. ६,८०० रुपयांच्या खोक्यातलं चूर्ण जर हे काम करत असतं, तर सव्वीस वर्षांपूर्वीच मी घरी बसले असते, आणि आनंदाने.

लिव्हरचं प्रकरण वेगळं. पुष्कळांना वाटतं लिव्हर म्हणजे चाळणी, त्यात घाण अडकून बसते आणि ती धुवून काढायची. मी सांगते, लिव्हर म्हणजे जकात नाका. (जकात कधीच गेली, पण मुलुंडला उतरताना आपण अजून 'नाक्यावर सोडा' म्हणतोच.) आतड्यातून शोषलेला माल घेऊन निघालेलं जवळपास सगळं रक्त हृदयाकडे जायच्या आधी एका मोठ्या शिरेतून लिव्हरकडे येतं. तिथे प्रत्येक मालाची तपासणी. साखर साठवायची, प्रथिनं बनवायची, आणि नको असलेल्या रसायनाचं रूप बदलायचं. नाक्यावर माल साठत नाही, तो बदलून पुढे पाठवतात. प्रथिनं वापरताना अमोनिया तयार होतो. तो मेंदूला विषारी. लिव्हर त्याचा युरिया करते, जो पाण्यात विरघळतो आणि किडनीकडून आरामात बाहेर जातो. हे चक्र हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये शोधून काढलं. जुन्या झालेल्या लाल पेशींचंही तसंच. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, मग मोडीत निघते. तिच्यातल्या रंगद्रव्याचं पिवळं बिलिरुबिन होतं, ते पित्तातून आतड्यात उतरतं. शौचाचा तपकिरी आणि लघवीचा पिवळा रंग हा मुळात त्या मोडीतल्या रक्ताचाच आहे. कावीळ झाली की नाका बंद पडलेला असतो, म्हणून डोळे पिवळे.

"इंग्रजी गोळ्या बंद, लिव्हरला विश्रांती" या वाक्याकडे आता जरा नीट बघा. तुमच्या मिस्टरांच्या दोनच गोळ्या आहेत आणि गंमत अशी की दोघी दोन वेगळ्या दारांनी बाहेर जातात. मेटफॉर्मिनला लिव्हर हातसुद्धा लावत नाही. ती आहे तशी किडनीतून लघवीत जाते. म्हणूनच किडनी मंदावली की डॉक्टर तिचा डोस उतरवतात. टेल्मिसार्टन मात्र जवळजवळ सगळी लिव्हरवाटे पित्तात आणि तिथून शौचात. म्हणजे कचरा बाहेर टाकायची यंत्रणा तुमच्या घरात रोज चालू असल्याचा पुरावा त्या गोळ्यांच्या पाकिटावरच आहे. ती चालत नसती, तर गोळी रोज का घ्यावी लागली असती? कालची गोळी शरीराने कालच आवरायला घेतली, म्हणून आज पुन्हा घ्यायची. बाकी लिव्हरला विश्रांती द्यायची असेल, तर गटारीचे मित्र आणि रोजचा फरसाण या दोन ठिकाणांपासून द्यावी. शुगर आणि सुटलेलं पोट असलेल्या माणसाच्या लिव्हरवर चरबी चढलेली असण्याची शक्यता दाट असते. ती उतरायला वजन हळूहळू कमी करणं आणि चालणं लागतं. २१ दिवसांत काही होत नाही.

फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड टाकतात, हे शाळेत झालंय. मोठ्या आतड्याबद्दल मात्र एक शब्द. आमच्या लहानपणी महिन्यातून एका रविवारी आजी सगळ्या नातवंडांना ओळीने बसवून एरंडेल पाजायची. नाक दाबून, वर गुळाचा खडा. त्यामुळे 'कोठा साफ' हे शब्द आपल्या हाडात आहेत आणि किटवाले नेमके तिथेच हात घालतात. आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षांचे थर चिकटून बसलेले नसतात. तिथलं अस्तर दर काही दिवसांनी गळून नवीन येतं. शौचात बराचसा भाग पाण्याचा, आणि कोरड्या भागात जिवाणूंचा वाटा मोठा. म्हणून उपास केला तरी शौचाला होतं. जुलाबाच्या चूर्णाने दिवसातून पाच वेळा बाहेर पडतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार. ते दोन किलो म्हणजे तेच. चार वेळा नीट जेवले की परत येतील. पोटऱ्यांत येणारे गोळेही त्याच खात्यातले. "त्रास होतोय म्हणजे औषध लागू पडतंय" हे वाक्य ज्याने काढलं त्याची मला कमाल वाटते. बरं वाटलं तरी किटचा विजय, वाईट वाटलं तरी किटचाच.

हलकं वाटतंय हे मात्र खोटं नाही. दारू बंद, तळलेलं बंद, रात्रीचं जेवण लवकर. कोणालाही हलकं वाटेल. त्याला खोका लागत नाही. श्रावण आहेच.

आता पट्ट्या. उरलेल्यातली एक घ्या. सकाळी चहाचं आधण ठेवाल तेव्हा चिमट्यात धरून वाफेवर पाच मिनिटं धरा. मग बघा रंग. त्यात लाकडाच्या व्हिनेगरची पूड असते, ओल लागली की ती काळी पडते. तळपायाला रात्रभर घाम येतो, तेवढी ओल पुरते. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. तो अंग गार करायला येतो, कचरा वाहायला नाही. हा प्रयोग मिस्टरांसमोर करा, पण "बघा, सांगत होते ना" असं म्हणू नका. पातेल्याकडे बोट दाखवून गप्प राहा.

मला हे सुचलं ते आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीतल्या हळदीकुंकवामुळे. तीनेक वर्षांपूर्वी संक्रांतीला कोणाच्या तरी ओळखीने एक मुलगी यंत्र घेऊन आली. टबात कोमट पाणी, चमचाभर मीठ, वायर सोडलेली. पाय घालून बसायचं. दहा मिनिटांत पाण्याचा चहा झाला! मग तिने रंगांचा तक्ता काढला. पिवळं दिसलं की किडनीची घाण, तपकिरी दिसलं की लिव्हरची, फेस आला की आणखी कसली तरी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पैसे काढायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, एकदा पाय न घालता चालवू या का? मुलगी म्हणाली, तसं चालवलं तर मशीन बिघडतं. तोवर कोणाच्या तरी नातवाने बटण दाबलं होतं. दहा मिनिटांत तसाच चहा. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंडी पट्टी गंजते, गंजाचा रंग पाण्याला येतो, बाकी काही नाही. सगळ्या हसल्या, तिळगूळ वाटला. आणि हे मुद्दाम सांगते, त्यानंतरही दोघींनी बुकिंग केलं. डोळ्यांना दिसलेली घाण फार पटते हो. किडनी बिचारी न दाखवता काम करते.

दुधी आणि शहाळं या दोन्हींबद्दल आपल्याकडे वाईट ऐकून घ्यायची सवय नाही, तरी सांगते. दुधीची भाजी खुशाल खा. कच्च्या दुधीचा रस मात्र कडू निघाला तर तो घोटभरही गिळायचा नाही. त्या कुळातल्या भाज्यांत कधीकधी कुकुरबिटासिन नावाचं द्रव्य वाढतं. त्याने उलट्या, रक्ताचे जुलाब, बीपी एकदम खाली, असं होतं. आपल्या देशात यात मृत्यू झाले आहेत आणि आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तज्ज्ञांची समिती बसवून कडू रस अजिबात पिऊ नका, असं सांगितलं आहे. गोम अशी की किटच्या पत्रकात कधीकधी लिहिलेलं असतं, "कडू लागला तर जास्त गुणकारी". तुमच्या पत्रकात आहे का, ते बघा.

शहाळ्याची गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरची. ठाण्यातल्या कुठल्याही हॉस्पिटलच्या दारात शहाळ्याची गाडी असतेच, आमच्याही होती. पेशंटला भेटायला जाताना हातात शहाळं, ही आपली रीत. आमच्याकडे एक रिक्षावाले यायचे, हिशेबाला पक्के, पाण्याचा थेंब मोजून पिणारे. एका सोमवारी आले ते पाय ओढत, जीभ जड. ईसीजी लावला तर रेषा उंच टोकदार. पोटॅशियम ७. मेहुणा गावाहून आला होता, प्रेमाने दोन दिवस शहाळी पाजली. "शहाळं तर अमृत ना, सिस्टर?" शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. चांगली किडनी ते हसत बाहेर टाकते, थकलेल्या किडनीला जमत नाही आणि वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके थांबवू शकतं. त्यांना लगेच यंत्रावर घेतलं म्हणून वाचले. तुमच्या मिस्टरांच्या किडन्या तशा नाहीत, पण टेल्मिसार्टन स्वतः पोटॅशियम थोडं धरून ठेवते. ती गोळी, तीन शहाळी, पालेभाज्यांचे रस आणि जुलाबाने सुकलेल्या किडन्या असं एकत्र आलं तर ५.४ चे ६.४ व्हायला फार दिवस लागत नाहीत. सहा दिवस गोळी बंद होती, हा यातला योगायोगाने बरा झालेला भाग. हे ताईंना सांगू नका, त्या त्याचं श्रेय घेतील.

चूर्ण आणि काढ्यात काय आहे ते मला ठाऊक नाही, आणि पाकिटावर "दुर्मीळ वनस्पती" एवढंच असेल तर ताईंनाही ठाऊक नाही. माझा राग आयुर्वेदावर नाही. नाडी बघून, वय बघून, चालू औषधं विचारून देणारा वैद्य वेगळा आणि सगळ्यांना एकच खोका देणारी साखळी वेगळी. पण 'वनस्पती म्हणजे निरुपद्रवी' हेही खरं नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. ज्याला आधीच बीपी-शुगर आहे त्याने त्या वादाचा निकाल स्वतःच्या लिव्हरवर लावू नये.

तुमच्या घरात किडन्यांना खरा धोका कशाचा आहे, तर बीपीचा आणि शुगरचा. त्या दहा लाख गाळण्यांतल्या बारीक केशवाहिन्या जास्त दाबाने आणि जास्त साखरेने हळूहळू बाद होतात आणि गेलेली गाळणी पुन्हा उगवत नाही. वाईट म्हणजे बराच काळ काही दुखत नाही. लघवीही पहिल्यासारखीच होते. क्रिएटिनिनसुद्धा बराच भाग निकामी झाल्यावरच वर सरकतं. म्हणून पुढच्या आठवड्यातल्या तपासणीत क्रिएटिनिनच्या जोडीला ई-जीएफआर (किडनी किती वेगाने गाळतेय त्याचा अंदाज) लिहून घ्या आणि लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रथिन) सांगा. गाळणीची भोकं सैल झाली की प्रथिनं लघवीत उतरायला लागतात आणि ते सगळ्यात आधी या तपासणीत दिसतं. ३० च्या खाली आला तर उत्तम. शुगरवाल्याने ही दरवर्षी करायचीच असते. तुमच्या मिस्टरांची पाच वर्षांत एकदाही झालेली नाही, असं तुम्ही फोनवर म्हणालात. मला किटपेक्षा त्याची जास्त काळजी वाटली. आणि अंग दुखलं की मेडिकलमधून आणतात त्या पेनकिलरच्या गोळ्या, त्या परस्पर घेणं बंद. बीपीची गोळी चालू असताना त्या किडनीला जास्त नडतात. पाणी तहानेप्रमाणे प्यायचं. मोजून चार लिटर प्यायल्याने किडनी जास्त स्वच्छ होत नाही, फक्त रात्री दोनदा उठावं लागतं.

राहिल्या ताई.

त्या फसवायला आलेल्या नाहीत, हे तुमच्या पत्रातच दिसतं. घरातला पगार थांबलाय, माल अंगावर घेतलाय आणि त्यातलाच खोका भावाला दिलाय. विश्वास नसता तर सख्ख्या भावाला दिला नसता. म्हणून राखीच्या दिवशी हळदीकुंकवातल्यासारखा प्रयोग त्यांच्यासमोर करू नका. चारचौघांत, त्यांच्या माहेरच्या घरात, वहिनीने त्यांना खोटं पाडलं असं झालं तर त्या जन्मभर ते किट विकतील. बोलायचं तर ते भावाने बोलायचं. ओवाळून झालं, नारळीभात झाला की त्यांनी स्वतःचा रिपोर्ट ताईंच्या हातात द्यावा. जानेवारीचा १.० आणि आताचा १.४, दोन्ही कागद शेजारी ठेवून. "डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय" एवढंच. तुम्ही तेव्हा स्वयंपाकघरात असलात तर बरं.

नंतर, एकट्या असताना, तुम्ही ताईंना दोन गोष्टी विचारा. एक, व्हॉट्सॲपवर त्या 'शुगर-बीपी मुळापासून बरी' असे संदेश पाठवतात का? या दोन्ही आजारांवर हमखास इलाजाची जाहिरात करणं १९५४ च्या औषध व जादूई उपचार कायद्याखाली गुन्हा आहे. वर कंपनी आहे म्हणून खाली विकणारा सुटतो असं नाही. हे त्यांना कोणी सांगितलेलं नसणार. दोन, कराराचा कागद कुठे आहे? माल परत करायची मुदत त्यात बघा, घरात पडून असलेले खोके मोजा. नवऱ्याने नाही तर भावाने एकदा कंपनीच्या ऑफिसात सोबत जावं. यंदाच्या ओवाळणीचं पाकीट जमेल तेवढं जाड करा, त्या ६,८०० ची आठवण न काढता.

आणि फोनवर तुम्ही जाता जाता म्हणालात की ताई स्वतःही फेब्रुवारीपासून तेच चूर्ण घेतात आणि हल्ली त्यांचे पाय सुजतात. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. लघवीची ती तपासणी सकाळच्या पहिल्या लघवीची करतात, बाटली आदल्या दिवशी लॅबमधून आणून ठेवायची असते. राखीच्या रात्री ताईंना मुक्कामाला ठेवून घ्या, आणि बाटल्या दोन आणा.